दिल्ली ते टोकियो: जाताना पावणेआठ तास, येताना साडेनऊ तास! अंतर तेच, मग वेळ वेगळा का?

समजा, तुमच्यासमोर दिल्ली-टोकियोचं तिकीट आहे. जाताना विमान रात्री ८ वाजता दिल्लीहून सुटणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७:१५ वाजता टोकियोत उतरणार. परतताना सकाळी ११ वाजता टोकियोहून निघणार आणि त्याच दिवशी संध्याकाळी ५ वाजता दिल्लीत पोहोचणार.

नुसती घड्याळं पाहिली तर जाताना सव्वाअकरा तास लागतात आणि येताना फक्त सहा. म्हणजे परतीचा प्रवास जवळपास निम्म्यात होतो, असं कुणालाही वाटेल.

प्रत्यक्षात चित्र बरोबर उलटं आहे. वरच्या उदाहरणात जाताना विमानात ७ तास ४५ मिनिटं जातात आणि येताना ९ तास ३० मिनिटं. या मार्गावरच्या थेट विमानांचे वेळ साधारण याच घरात असतात.

दोन्ही शहरं जागची हलत नाहीत, त्यांच्यातलं अंतरही बदलत नाही. मग हा पावणेदोन तासांचा फरक येतो कुठून? याचं उत्तर घड्याळ, हिमालय आणि वारा या तिघांत आहे. ते एकदा समजलं की कुठलंही विमान तिकीट वाचायची तुमची पद्धत बदलेल. शिवाय दिल्लीहून पुढे मुंबई-पुण्याचं कनेक्टिंग विमान पकडायचं असेल, तर ते चुकण्यापासूनही तुम्ही वाचू शकाल.

आधी घड्याळाचा घोळ सोडवू

तिकिटावर छापलेला प्रत्येक वेळ हा त्या त्या शहराचा स्थानिक वेळ असतो. सुटण्याचा वेळ दिल्लीचा आणि पोहोचण्याचा वेळ टोकियोचा.

भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि जपानची नऊ तास पुढे. म्हणजे जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे चालतं. आपल्याकडे रात्रीचे ८ वाजतात तेव्हा टोकियोत ११:३० झालेले असतात. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सरकवतात, तसा प्रकार भारतात नाही आणि जपानमध्येही नाही. त्यामुळे हा साडेतीन तासांचा फरक वर्षभर कायम राहतो.

हिशेब सोपा आहे. जाताना जो वेळ दिसतो त्यातून साडेतीन तास वजा करा, म्हणजे सव्वाअकरा तासांचे पावणेआठ होतात. येताना जो वेळ दिसतो त्यात साडेतीन तास मिळवा, म्हणजे सहाचे साडेनऊ होतात.

घड्याळाचा घोळ इथे संपला. पण खरा प्रश्न आता सुरू होतो.

दिल्ली ते टोकियो नेमकं किती अंतर?

विमानतळ ते विमानतळ मोजलं तर दिल्ली ते टोकियोचा हानेडा विमानतळ हे अंतर सुमारे ५,८६० किमी आहे. टोकियोचा दुसरा विमानतळ नारिता थोडा पूर्वेला आहे, तिथपर्यंत सुमारे ५,९०० किमी. इंटरनेटवर सर्च केलं की साधारण हेच आकडे समोर येतात.

हे आकडे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरच्या सर्वात जवळच्या मार्गाचे आहेत. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दिल्ली आणि टोकियोवर बोट ठेवून त्यांच्यात दोरा ताणून बघा. तो दोरा ज्या वाटेने जाईल ती सर्वात जवळची वाट. भिंतीवरच्या सपाट नकाशात मात्र हीच वाट उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखी दिसते, कारण गोल पृथ्वी कागदावर सपाट करताना आकार ताणले जातात.

हा दोरा कुठून जातो ते पाहण्यासारखं आहे. दिल्लीहून तो ईशान्येला उत्तराखंडवर जातो. पुढे नेपाळच्या वायव्य कोपऱ्यापाशी हिमालय ओलांडतो, मानसरोवराच्या दक्षिणेकडून तिबेटच्या पठारावर चढतो आणि चीनचा चिंगहाई प्रांत पार करतो. मग शांतुंग द्वीपकल्प, पिवळा समुद्र, दक्षिण कोरियात सोलच्या दक्षिणेकडून जपानचा समुद्र आणि शेवटी टोकियो.

कागदावर हा मार्ग उत्तम आहे. पण दिल्ली-टोकियो विमानं सहसा या वाटेने जात नाहीत.

विमान हिमालय आणि तिबेट का टाळतं?

विमान ३५ हजार फुटांवर उडतं आणि एव्हरेस्ट २९ हजार फुटांचा आहे. मग वरून जायला अडचण काय, हा प्रश्न सोशल मीडियावर नेहमी विचारला जातो.

सगळं सुरळीत असताना काहीच अडचण नाही. अडचण येते ती काही बिघडलं तर.

समजा, उडत्या विमानातल्या केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला. वरून ऑक्सिजनचे पिवळे मास्क खाली येतात. प्रवासी विमानांत या मास्कमधून मिळणारा ऑक्सिजन साधारण १२ ते २० मिनिटंच पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिकाला विमान १० हजार फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली आणायचं असतं. त्या उंचीवर माणसाला मास्कशिवाय श्वास घेता येतो.

आता तिबेटचा विचार करा. या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटरच्या वर आहे. म्हणजे ३,००० मीटरवर उतरायचं म्हटलं तर तिथे हवा नाही, जमीन आहे! आणि हे पठार मिनिटा-दोन मिनिटांत संपत नाही, ते शेकडो किलोमीटर पसरलेलं आहे.

दुसरी भीती इंजिनची. दोनपैकी एक इंजिन बंद पडलं तर विमान उडत राहतं, पण आधीच्या उंचीवर टिकत नाही. हळूहळू खाली यावं लागतं. खाली सपाट प्रदेश किंवा समुद्र असेल तर चिंता कमी. खाली डोंगरांची रांग असेल आणि जवळचा विमानतळही ल्हासासारखा साडेतीन हजार मीटर उंचीवर असेल, तर पर्याय फारच थोडे उरतात.

याचा अर्थ तिबेटवरून कुणीच उडत नाही असा नाही. ल्हासाला रोज विमानं जातात. पण त्यासाठी जास्त ऑक्सिजनची सोय असलेली विमानं, वेगळं प्रशिक्षण आणि आधीच ठरवलेले सुटकेचे मार्ग लागतात. टोकियोला जाणाऱ्या विमानाने एवढा खटाटोप करण्यापेक्षा वळसा घेणं सोपं पडतं.

म्हणून ही विमानं सहसा हिमालयाच्या दक्षिणेकडून पूर्वेला जातात. मग म्यानमारच्या बाजूने चीनच्या युनान प्रांतात शिरतात आणि तिथून दक्षिण चीन ओलांडून जपानकडे वळतात. युनानची राजधानी कुनमिंग. दिल्ली ते कुनमिंग सुमारे २,६०० किमी आणि कुनमिंग ते टोकियो सुमारे ३,७०० किमी. बेरीज झाली ६,३०० किमी. म्हणजे सर्वात जवळच्या वाटेपेक्षा साधारण ४५० किमी जास्त.

या वळशाच्या पट्ट्याला इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा रस्ता तोडला. तेव्हा १९४२ ते १९४५ या काळात आसाममधल्या चाबुआ, दिनजानसारख्या धावपट्ट्यांवरून कुनमिंगला विमानाने इंधन आणि रसद पोहोचवली जायची. वैमानिक या मार्गाला 'हम्प' म्हणायचे. त्या काळच्या विमानांना हिमालयाच्या पूर्वेकडच्या रांगा झेपत नव्हत्या. या मार्गावर शेकडो विमानं कोसळली. आज त्याच भागावरून जाताना आपण सिनेमा बघत जेवत असतो.

ठीक आहे, पण वळसा तर दोन्ही वेळेला आहे ना?

अगदी बरोबर. वळशामुळे दोन्ही प्रवास लांबतात, त्यांच्यातला फरक त्याने पडत नाही. तो फरक पाडतो वारा.

जमिनीपासून साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. प्रवासी विमानं नेमकी याच उंचीवर उडतात. टोकियोला जाताना हा वारा पाठीमागून ढकलतो, दिल्लीला येताना समोरून अडवतो.

नदीत होडी चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. प्रवाहाबरोबर तेवढंच वल्हवून होडी लवकर पोहोचते, प्रवाहाविरुद्ध उशिरा.

हा वारा तयार का होतो? विषुववृत्ताजवळची गरम हवा वर जाते आणि ध्रुवांकडे सरकू लागते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने ही हवा सरळ न जाता पूर्वेकडे वळते. उष्ण आणि थंड हवेतला फरक जितका मोठा, तितका हा वारा जोरदार.

जपानवर तो खास जोरदार का, याचंही उत्तर यातच आहे. हिवाळ्यात एका बाजूला सायबेरियाची गोठवणारी हवा आणि दुसऱ्या बाजूला पॅसिफिकची उबदार हवा, अशी गाठ या भागात पडते. शिवाय जेट स्ट्रीमचे दोन वेगळे पट्टे पूर्व आशियावर एकमेकांच्या जवळ येतात. त्यामुळे हिवाळ्यात जगातल्या सर्वात वेगवान जेट स्ट्रीमपैकी एक जपानच्या आकाशात असते. तिचा वेग ताशी ३०० किमीच्या पुढेही जातो.

'पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो' हे खरं आहे का?

व्हॉट्सॲपवर फिरणारा हा आवडता युक्तिवाद. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे दिल्ली स्वतःच चालत यायला हवी. म्हणजे येताना वेळ कमी लागायला हवा!

तसं होत नाही, कारण पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. धावत्या डेक्कन क्वीनमध्ये तुम्ही चेंडू सरळ वर फेकलात तर तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या डब्यात जात नाही. तसंच हे. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो आडवळणाने, म्हणजे वाऱ्यांना पूर्वेकडे वळवून. विमानाला थेट जाणवतो तो वाराच.

या वाऱ्याचा शोधही टोकियोजवळच लागला

टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथे हवामान वेधशाळा होती. तिचे प्रमुख वासाबुरो ओइशी १९२० च्या दशकात आकाशात फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढून वरच्या वाऱ्याचा वेग मोजायचे. हिवाळ्यात उंचावर अफाट वेगाचा वारा वाहतो, हे त्यांच्या लक्षात आलं. १९२६ मध्ये त्यांनी ही निरीक्षणं प्रसिद्ध केली, तीही एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेत. जगभरच्या लोकांना वाचता यावं हा हेतू होता. पण ती भाषा जाणणारे इतके कमी होते की बाहेरच्या जगाने या शोधाकडे जवळपास लक्षच दिलं नाही.

त्याची किंमत पुढे युद्धात कळली. २४ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेची बी-२९ विमानं मारियाना बेटांवरून टोकियोवर बॉम्बहल्ला करायला आली. वरच्या प्रचंड वाऱ्याने त्यांचा नेम चुकवला आणि बहुतेक बॉम्ब ठरलेल्या कारखान्यावर पडलेच नाहीत.

जपानने हाच वारा उलट वापरला. नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात बॉम्ब बांधलेले ९ हजारांहून जास्त फुगे जेट स्ट्रीममध्ये सोडले गेले. पॅसिफिक महासागर ओलांडून त्यातले काही खरंच अमेरिकेत पोहोचले. मे १९४५ मध्ये ओरेगॉन राज्यात अशा एका फुग्याच्या स्फोटात ६ जणांचा जीव गेला, त्यातली ५ मुलं होती.

गणित करून पाहू

प्रत्यक्ष मार्ग ६,३०० किमी आणि विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी धरू.

वारा अजिबात नसेल तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी ७ तास. जाऊन-येऊन १४ तास.

वाटेत सरासरी ताशी १०० किमीचा वारा असेल तर जाताना वेग होतो १,००० आणि वेळ लागतो ६ तास १८ मिनिटं. येताना वेग ८०० आणि वेळ सुमारे ७ तास ५२ मिनिटं. फरक झाला दीड तासाहून जास्त.

हिवाळ्यात हीच सरासरी १५० वर गेली तर जाताना ६ तास आणि येताना ८ तास २४ मिनिटं.

इथे एक गंमत लक्षात आली का? पहिल्या उदाहरणात जाताना ४२ मिनिटं वाचली, पण येताना ५२ मिनिटं जास्त गेली. दुसऱ्यात जाताना एक तास वाचला आणि येताना एक तास २४ मिनिटं गेली. जाताना वाऱ्याने जे दिलं त्यापेक्षा येताना तो जास्त वसूल करतो. कारण समोरच्या वाऱ्यात विमान हळू जातं आणि हळू गेल्यामुळे त्या वाऱ्यात जास्त वेळ अडकतं.

तिकिटावरचा वेळ या आकड्यांपेक्षा जास्त का असतो? कारण त्यात विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ धरतात. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, खाली उतरणं हे सगळं त्यात येतं. म्हणूनच कॅप्टन 'आजचा उड्डाणाचा वेळ अमुक' असं सांगतो तो आकडा तिकिटापेक्षा कमी असतो.

उन्हाळ्यात फरक कमी होतो का?

हो. आणि यामागचं कारण आपल्या पावसाशी जोडलेलं आहे.

हिवाळ्यात जेट स्ट्रीमचा एक पट्टा हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावर असतो. उत्तरेत हिवाळी पाऊस आणि बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात याच पट्ट्याच्या आधाराने येतात. मे-जूनमध्ये हा पट्टा हिमालय आणि तिबेटच्या उत्तरेला सरकतो. त्याचं हे सरकणं मान्सूनच्या आगमनाशी जोडलं जातं.

म्हणजे उन्हाळ्यात दिल्ली-टोकियो मार्गाच्या बऱ्याचशा भागावरून जोरदार वारा बाजूला गेलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात जाण्या-येण्यातला फरक कमी होतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत तो सर्वात जास्त असतो.

मुंबई-पुण्यातून जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि शिक्षण-नोकरीसाठी टोकियोला जाणारे मराठी लोकही आता कमी नाहीत. २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते.

मुंबई ते टोकियो हे सरळ अंतर सुमारे ६,७३० किमी आहे. थेट विमान मिळालं नाही तर कुठे विमान बदलता यावर बरंच अवलंबून आहे. दिल्लीमार्गे सुमारे ७,००० किमी होतात, हाँगकाँगमार्गे ७,१८०, बँकॉकमार्गे ७,६२० आणि सिंगापूरमार्गे ९,२२० किमी. सिंगापूरमार्गे जाणारा प्रवासी जवळपास अडीच हजार किमी जास्त उडतो. तिकीट स्वस्त असेल तर खुशाल घ्या, पण काय मोजतोय ते माहीत असू द्या.

सर्वात जपायचं आहे ते परतीच्या प्रवासाला. टोकियोहून दिल्लीला येऊन पुढे मुंबई किंवा पुण्याचं विमान धरायचं असेल, तर इमिग्रेशन आणि कस्टम्स सहसा दिल्लीतच करावं लागतं. हिवाळ्यात समोरचा वारा सर्वात जोरात असतो आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकंही असतं. दोन्ही एकाच वेळी आडवे आले तर दोन तासांचं कनेक्शन हातचं जाऊ शकतं.

दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर असतील तर पुढची सोय करणं कंपनीचं काम असतं. पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर चुकलेल्या दुसऱ्या विमानाचा खर्च बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातो.

आणि सीट बेल्ट. जेट स्ट्रीमच्या कडेला ढग नसतानाही हवा जोरात हादरवते. डिसेंबर १९९७ मध्ये टोकियोहून होनोलुलूला निघालेल्या एका विमानाला पॅसिफिकवर असाच हादरा बसला आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. बेल्टचा दिवा बंद असला तरी बसलेले असताना बेल्ट लावून ठेवा.

किलोमीटरवरून वेळ ठरवू नका

अंतर जेवढ्यास तेवढं राहून प्रवास कसा बदलतो, याचं एक ताजं उदाहरण दिल्लीचंच आहे. दिल्ली ते ताश्कंद फक्त १,५८० किमी. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटीची विमानं थांबवावी लागली. वळसा घालून जाणं त्यांच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर होतं. म्हणजे १,५८० किमीवरचं शहर हातचं सुटलं आणि पूर्वेला ५,८६० किमीवरच्या टोकियोची विमानं सुरूच राहिली.

म्हणून पुढच्या वेळी तिकीट काढताना दोन शहरांतल्या किलोमीटरवर जाऊ नका. तीन गोष्टी बघा: दोन्ही वेळ कुठल्या शहराचे आहेत, एकूण प्रवासाचा वेळ वेगळा लिहिलेला असतो तो किती आहे आणि तुम्ही पूर्वेला जाताय की पश्चिमेला. पश्चिमेला येत असाल आणि महिना जानेवारीचा असेल, तर घरच्यांना विमानतळावर जरा उशिराच बोलवा.